डिझेलच घ्या, साडूभाऊ

मिस्त्रीला सगळा बाजार मिस्त्रीच म्हणायचा. डिझेल गाड्यांचे पंप आणि नोझल दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. गॅरेजवाला वेगळा आणि नोझलवाला वेगळा, हे तो नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवायचा. गॅरेजवाल्याचे हात कोपरापर्यंत काळे, याचं काम घड्याळजीसारखं. दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत गाड्यांवरून उतरवलेले भाग पडलेले असत. आतली खोली मात्र अशी स्वच्छ, की तिथं जाताना मिस्त्री स्वतःच्याही पायांकडे संशयाने बघायचा. मधोमध टेस्ट बेंच, त्यावर ओळीने काचेच्या नळ्या. नोझलमधून तेल धुक्यासारखं उडालं पाहिजे. थेंब लोंबकळला की नोझल नापास. तीस वर्षांत त्याने हजारो इंजिनांची कुरकुर थांबवली होती आणि त्याच्या स्वतःच्या दारात एक स्कूटर होती. तीही पेट्रोलची.

यावरून लोक त्याची चेष्टा करत. तोही हसायचा. साडूच्या घरून परत आल्यावर मात्र हसायचा नाही.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. हा गृहस्थ पहिल्यांदा सासुरवाडीला आला तो मिस्त्रीच्या स्कूटरवर मागे बसून, कारण त्याच्याकडे सायकलसुद्धा नव्हती. तेव्हा तो दुसऱ्याच्या दुकानात फरशांचे नमुने दाखवायचा. पुढे त्याने स्वतःचं दुकान टाकलं, मग शेजारचं घेतलं, मग मधली भिंत पाडली. आता त्या दुकानात चाळीस तऱ्हेचे नळ आणि त्याहून जास्त तऱ्हेचे आरसे होते. मिस्त्री आत शिरला की प्रत्येक आरशात स्वतःच दिसायचा, आणि एकाही आरशात बरा दिसायचा नाही.

घर बांधलं तेही तसंच. माणसं चार आणि बाथरूम तीन.

"तिसरं कोणासाठी?" मिस्त्रीने एकदा विचारलं होतं.

"पाहुण्यांसाठी, दादा. तुमच्यासाठीच समजा."

त्यानंतर मिस्त्री त्या घरात सहा-सहा तास बसला असेल, पण तिसऱ्या बाथरूमची पायरी कधी चढला नाही. घरी पोचेपर्यंत कळ काढायचा.

साडू आखडू असता, चार माणसांत पाणउतारा करणारा असता, तर मिस्त्रीला सोपं गेलं असतं. पण हा माणूस मिस्त्रीच्या मुलीच्या परीक्षेची तारीख लक्षात ठेवून फोन करायचा. सासूबाईंच्या गोळ्या संपायच्या आत आणून द्यायचा. बोलताना आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता. नाव ठेवायला जागाच नाही म्हटल्यावर मिस्त्री मनातल्या मनात फरशीलाच नावं ठेवायचा. फरशी ती काय, भाजलेली माती. माती विकून हा स्वतःच्या घरात, आणि केसाहून बारीक भोकाचा हिशेब जाणणारा मी भाड्याच्या दोन खोल्यांत. देवाचं टेस्ट बेंच कोणीतरी एकदा तपासायला हवं, असं त्याला वाटायचं.

एका मंगळवारी दुपारी साडू दुकान सोडून वर्कशॉपमध्ये आला. बाहेरच्या खोलीतल्या स्टुलावर बसला आणि खिशातून फोन काढला.

"दादा, एक विचारायचं होतं. हसू नका."

"विचारा की."

"गाडी घेतोय. मोठी."

फोनमध्ये दोन फोटो होते. उंच, रुंद, चारही चाकांना जोर देणारी परदेशी गाडी. नवी घ्यायची तर दुकान विकावं लागेल अशी. म्हणून साडू जुनी घेत होता. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे एकाच सालच्या, एकाच मॉडेलच्या दोन उभ्या होत्या. काळी डिझेलची, पांढरी पेट्रोलची. किंमत जवळपास सारखी.

"व्यापारी एक सांगतो, शेजारी दुसरंच सांगतो, मुलगा मोबाइलवर बघून तिसरंच सांगतो," साडू म्हणाला. "माझं डोकं चालेना. तुम्ही सांगाल ती घेतो."

मिस्त्रीच्या हातात नोझल होतं. ते त्याने फडक्यावर ठेवलं, पुन्हा उचललं. या जातीच्या गाडीचं इंजिन त्याने आत-बाहेर खोलून पाहिलं होतं. एक-दोनदा दुरुस्तीनंतर चौकापर्यंत चालवलीही होती, मालक शेजारी बसलेला असताना. त्या दोन मिनिटांच्या आठवणीवर त्याने आठवडे काढले होते.

"रोज किती चालवाल?" त्याने विचारलं.

"घर ते दुकान. सात मिनिटं. दुपारी जेवायला घरी, परत दुकान. कधीतरी गोदाम."

"आणि लांबचं?"

"लांब कुठे जातो आम्ही, दादा? वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी."

उत्तर तिथेच मिळालं होतं. अलीकडच्या डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी एक जाळी असते. गाडी मोठ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं सलग पळाली, की धूर तापतो आणि जाळीत साचलेली काजळी जळून जाते. सात मिनिटांच्या फेऱ्यांत इंजिनाला धड घामही फुटत नाही. काजळी साचत जाते, समोरच्या काट्यांत धोक्याचा दिवा लागतो, आणि मग जाळी बदला, हे बदला, ते बदला. पेट्रोलची गाडी तेल जास्त पिते हे खरं, पण जी गाडी चालतेच इतकी कमी ती पिऊन पिऊन पिणार किती? या माणसाला पांढरी घ्यायला सांगायचं, हे मिस्त्रीचा गॅरेजवाला मित्रही झोपेत सांगू शकला असता.

"बघून सांगतो," मिस्त्री म्हणाला. "शनिवारी जाऊ."

शनिवारी सकाळी दोघं व्यापाऱ्याच्या आवारात गेले. मिस्त्रीने आदल्या दिवशीच फोन करून बजावलं होतं, की आम्ही येईपर्यंत कोणतीही गाडी सुरू करायची नाही. थंड इंजिन खोटं बोलत नाही. तो दोन्ही गाड्यांखाली आडवा होऊन आला, तेलाची झाकणं उघडून वास घेतला, धुराड्याच्या टोकात बोट फिरवलं. काळी गाडी एका रस्ते बांधणाऱ्या कंत्राटदाराची होती, भरपूर पळालेली, पण हमरस्त्यावर पळालेली, त्यामुळे आतून निरोगी. पांढरी एका डॉक्टरीणबाईंची. दवाखाना ते घर, आणि दर सहा महिन्यांनी न चुकता सर्व्हिसिंग.

मग त्याने पांढरी चालवली. साडू शेजारी, विक्रीचा माणूस मागे. इंजिन सुरू आहे की नाही ते काट्याकडे बघून कळत होतं. खड्ड्यावरून चाक गेलं तरी आत नुसतं कोणी कूस बदलल्यासारखं वाटलं. मिस्त्रीने चौकात वळण घेतलं. ही गाडी उद्यापासून याची. आणि याला काय कळणार आहे यातलं? गाढवाला गुळाची चव काय!

साडू काचेचं बटण वर-खाली करत होता.

आवारात परतल्यावर व्यापारी स्वतः पुढे आला. "काय म्हणतात साहेब?" त्याने मिस्त्रीकडे हात करून विचारलं. "आपले कोण हे?"

"हे?" साडू कौतुकाने म्हणाला. "हे आमचे घरचे मेकॅनिक!"

साडूने ते वाक्य अभिमानाने उच्चारलं होतं. मिस्त्रीलाही ते कळलं. पण आमचे मोठे साडू म्हणता आलं असतं, आमचे दादा म्हणता आलं असतं. घरचे मेकॅनिक! घरचा माळी, घरचा ड्रायव्हर, तसा. व्यापाऱ्याने पुढे केलेला हात तेवढ्यात थोडा खाली गेला, की मिस्त्रीलाच तसं वाटलं, कोण जाणे.

"मग दादा?" साडूने विचारलं. "कोणती?"

"डिझेल," मिस्त्री म्हणाला. "डिझेलच घ्या, साडूभाऊ."

आणि त्याने कारणं दिली. अशा अंगापिंडाच्या गाडीला डिझेलचाच जोर शोभतो. लिटरमागे डिझेल जास्त पळतं. चढावर, चिखलात, ओझं ओढताना पेट्रोल दमेल, डिझेल दमणार नाही. पुढे विकायची म्हटलं तर चारही चाकांच्या जोराच्या गाडीत लोक डिझेलच विचारतात. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त सात मिनिटांची गोष्ट आणि जाळीची गोष्ट त्याने तोंडातून काढली नाही.

विक्रीचा माणूस घसा खाकरून म्हणाला, "पण साहेबांचा वापर गावातलाच असेल तर पेट्रोल..."

"दादांनी सांगितलं ना," साडू म्हणाला. विषय संपला.

काळी गाडी आली. पहिल्या दिवशी सासूबाईंना पुढे बसवून सगळ्यांना फिरवून आणलं. मिस्त्री मधल्या सीटवर होता. मेव्हणीने शेजारून विचारलं, "कशी वाटते हो भावजी? तुमचीच निवड!" मिस्त्री म्हणाला, छान आहे. घरी येताना स्कूटरवर बायको त्याच्या कानाशी बोलत होती. सीट कशा गरम होतात, छताला कशी काच आहे, बहीण कशी नशीबवान. मिस्त्रीने स्कूटर मुद्दाम एका खड्ड्यात घातली.

मग तो वाट बघू लागला.

साडूच्या घरी गेला की आत जाण्याआधी धुराड्याच्या टोकाकडे एक नजर टाकायचा. फोन वाजला आणि साडूचं नाव दिसलं की घाईने उचलायचा, आणि फोन भलत्याच कामाचा निघाला की निराश व्हायचा. आपल्याला नेमकं काय हवंय, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगता आलं असतं. त्या माणसाने एकदा, फक्त एकदा, आपल्यासमोर डोक्याला हात लावून बसावं, एवढंच त्याला हवं होतं.

पाचव्या महिन्यात दिवा लागला.

साडू वर्कशॉपमध्ये आला तो खरंच डोक्याला हात लावून बसला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने जाळी बदलावी लागेल म्हणून सांगितलं होतं. गाडी जोर घेत नव्हती, म्हाताऱ्या बैलासारखी चढावर थांबत होती. मिस्त्रीने डोळे भरून ते दृश्य पाहून घेतलं. इतके महिने ज्याची वाट पाहिली ते समोर होतं. पण चव लागेना. साडू म्हणत होता, "माझ्याच हातून काहीतरी चुकलं असणार, दादा. तुम्ही चांगली बघून दिली होती."

"बदलू नका जाळी एवढ्यात," मिस्त्री म्हणाला. "हमरस्त्यावर नेऊन तासभर पळवा. काजळी जळेल. मग दर आठवड्याला एकदा तसंच करायचं."

साडू स्टुलाच्या कडेवर नखाने रेघ ओढत राहिला.

"मला नाही जमत ते," तो शेवटी म्हणाला. "मोठ्या रस्त्यावर ट्रक शेजारून गेला की माझ्या हातांना घाम सुटतो. चाक निसटेल असं वाटतं. घरी कोणाला माहीत नाही. म्हणून तर लांब कुठे जात नाही आम्ही." मग थोडं थांबून, "तुम्ही चालवाल का, दादा? रविवारी? मी बसतो बाजूला."

अशा रीतीने ती गाडी मिस्त्रीच्या हाती आली.

दर रविवारी सकाळी सात वाजता तो साडूच्या दारात स्कूटर लावायचा आणि काळ्या गाडीच्या ड्रायव्हरच्या सीटवर चढायचा. गावाबाहेर पडून हमरस्ता, तिथून अर्ध्या तासावर धरण, धरणाच्या भिंतीशी चहा, आणि परत. पहिल्याच रविवारी दिवा विझला. मिस्त्रीचा हात त्या चाकावर असा बसला, जणू गाडी त्याच्या मापाने शिवली होती. साडू थर्मासमधून चहा ओतायचा, बिस्किटांचा पुडा फोडायचा आणि बोलायचा. दुकानातल्या गमती, मुलाचे हट्ट. मिस्त्री 'हं' म्हणायचा आणि रस्ता पीत राहायचा.

पण मत्सर कमी व्हायच्या ऐवजी वाढला. आधी तो न चाखलेल्या गोष्टीवर जळत होता, आता चाखलेल्यावर. साडेनऊला किल्ली परत करायची आणि स्कूटरला किका मारायच्या. पहिल्या किकेत ती कधीच सुरू व्हायची नाही, आणि साडू दारात उभा राहून काळजीने म्हणायचा, "ढकलू का, दादा?" सोमवार ते शनिवार ती गाडी दुकानासमोर उभी असायची आणि मिस्त्री त्या रस्त्याने विनाकारण जायचा. एकदा तिच्यावर कबुतरांनी केलेली घाण पाहून त्याला इतका राग आला, की तो रुमाल काढून पुसायला निघाला होता. आपली गाडी, आणि याच्याकडे नांदते, असंच त्याला वाटायला लागलं होतं.

असे सात रविवार गेले. आठव्या रविवारी धरणाजवळचा पक्का रस्ता दुरुस्तीसाठी खणला होता. बाजूने चिखलाची वाट होती.

"परत फिरू," साडू म्हणाला.

"अहो, गाडी कशासाठी घेतलीय?" मिस्त्रीने चारही चाकांच्या जोराचं बटण फिरवलं आणि गाडी चिखलात घातली. गाडी तिरकी झाली, साडूने वरची मूठ धरली, चाकांनी चिखल उडवला, आणि डुलत-डुलत, एकदाही न अडखळता, ती पलीकडे निघाली. साडू आधी ओरडला आणि मग लहान मुलासारखा हसत सुटला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"पुन्हा?" मिस्त्रीने विचारलं.

"पुन्हा!"

तीनदा गेले. मग पाण्याच्या काठाशी गाडी थांबवून चहा काढला. साडूच्या सदऱ्यावर चिखलाचे ठिपके होते.

"पेट्रोल दमली असती इथे," साडू म्हणाला. "तुम्ही त्या दिवशी म्हणाला होतात. सगळे मला म्हणत होते पेट्रोल घ्या. मुलगा तर भांडला. दिवा लागला तेव्हा म्हणाला, बघा, सांगत होतो. मी त्याला म्हटलं, तुझ्या मोबाइलपेक्षा आमच्या दादांवर माझा भरवसा. त्यांनी सांगितलं म्हणजे काही विचार करूनच सांगितलं असणार."

मिस्त्रीच्या हातातला पेला तोंडापर्यंत गेला नाही.

"मुलगा बरोबर होता," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"तुम्हाला पेट्रोलच हवी होती. रोजच्या सात मिनिटांना डिझेल चालत नाही. मला त्याच दिवशी माहीत होतं. मंगळवारी, तुम्ही स्टुलावर बसला होतात तेव्हाच."

साडूला आधी कळलंच नाही. तो थोडा हसला, चेष्टा असेल म्हणून. मिस्त्रीचा चेहरा पाहून ते हसू तसंच राहून गेलं.

"मग सांगितलं का नाही?"

मिस्त्रीने पाण्याकडे पाहिलं. फिरवून-फिरवून सांगण्यासारखं बरंच होतं. घरचे मेकॅनिक, तीन बाथरूम, स्कूटर.

"जळलो," तो म्हणाला. "तुमच्यावर."

साडूने पेल्यातला उरलेला चहा मातीवर ओतला, थर्मासचं झाकण घट्ट लावलं, पुडा गुंडाळला. सगळं सावकाश, दुकान बंद करताना करत असेल तसं. "आणि आठ रविवार बाजूला बसून माझाच चहा प्यायलात," तो म्हणाला. आवाज आत्ताही चढला नव्हता. त्याने हात पुढे केला. "किल्ली द्या."

"साडूभाऊ, रस्ता..."

"किल्ली द्या, दादा."

परतीचा तो प्रवास मिस्त्री जन्मात विसरणार नाही. साडूने गाडी हमरस्त्यावर घातली ती चाळीसच्या वेगाने. मागून ट्रक भोंगे वाजवत अंगावर येत होते, बाजूने जाताना ड्रायव्हर खिडकीतून हातवारे करत होते. साडूची बोटं चाकावर पांढरी पडली होती, कानशिलांवरून घामाचे ओघळ गळ्यापर्यंत आले होते. मिस्त्रीचा उजवा पाय रिकाम्या जागी ब्रेक दाबत होता. पाच-सहा वेळा त्याच्या तोंडाशी आलं, जरा वेग घ्या, आरसा बघा, डावीकडे राहा. पण बोलायचा हक्क कोणत्या तोंडाने मागणार? गावाच्या वेशीपर्यंत साडूचा वेग साठावर गेला होता. दारात गाडी उभी करून त्याने इंजिन बंद केलं, दोन्ही हात मांडीवर पुसले आणि समोर बघत म्हणाला, "उतरा."

त्या दिवशी स्कूटर पाचव्या किकेला सुरू झाली. दारात कोणी उभं नव्हतं.

मिस्त्रीला वाटलं, संध्याकाळपर्यंत फोन येईल, मेव्हणी बायकोला सांगेल, सासूबाई ओरडतील. दोन आठवडे गेले, कोणी काही बोललं नाही. साडूने ते कोणालाच सांगितलं नव्हतं. शिव्या खाल्ल्या असत्या तर फिटंफाट झाली असती. हे गप्प बसणं त्याला झोपू देईना. यातही तोच मोठा ठरला, या विचाराने तो पुन्हा जळाला, आणि जळतोय हे कळल्यावर शरमला.

"रविवारी जात नाही का हल्ली?" बायकोने विचारलं.

तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून झाल्यावर तिने देठ बाजूला केले, हात पुसले.

"एवढं मोठं पाप केलंत, आणि मला वाटत होतं या घरात जळकी मी एकटीच," ती म्हणाली. "तिच्या घरून आले की दोन दिवस मी तुमच्याशी धड बोलत नाही. वीस वर्षं झाली. तुमच्या लक्षात नाही आलं कधी?"

"मला वाटायचं दमतेस."

"दमते म्हणे!" ती उठली. "जाऊन माफी मागा. आणि माझं तिला सांगू नका."

तो गेला. साडू दुकानात एका जोडप्याला फरशी दाखवत होता. मिस्त्री आरशांच्या ओळीत अर्धा तास उभा राहिला. गिऱ्हाईक गेल्यावर त्याने जे सांगायचं ते सांगितलं. साडूने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ठीक आहे." एवढंच. चहा विचारला नाही.

साडू गाडी विकेल असं मिस्त्रीला वाटलं होतं. त्याने विकली नाही. एका रविवारी मिस्त्री दूध घेऊन येत असताना काळी गाडी हमरस्त्याकडे वळताना दिसली. चाकावर साडू, शेजारी मेव्हणी, हसत. पुढच्या रविवारी मिस्त्री त्याच वेळी त्याच कोपऱ्यावर होता. त्याच्या पुढच्याही रविवारी. आता दूध आणायची जबाबदारी त्याने स्वतःकडेच घेतली होती. तो तास, ती सीट, तो चहा. जी सकाळ मुळात आपली नव्हती तीच कोणीतरी लुटून नेली असावी, असं त्याला वाटायचं.

वर्ष गेलं. सासूबाईंच्या घरी भेट व्हायची. साडू 'कसे आहात' विचारायचा, मिस्त्री 'बरा आहे' म्हणायचा.

मग एका सकाळी वर्कशॉपच्या दारात काळी गाडी येऊन थांबली. उभ्या-उभ्या इंजिन थरथरत होतं, धूर पांढुरका होता. साडू उतरला.

"थंडीत सुरू व्हायला त्रास देते," तो म्हणाला. "दुसरीकडे दाखवली दोनदा. जमलं नाही त्यांना."

मिस्त्रीने बॉनेट उघडलं आणि त्याचे कान तापले. नोझलच्या नळ्यांवर पिवळ्या रंगाच्या खुणा होत्या. कोणीतरी परक्याने खोलून, खुणा करून, पुन्हा बसवलेल्या. एका नटाचे कोपरे पान्याने खाल्ले होते. आपल्या कपाटात सवतीचा कंगवा सापडावा तसं त्याला झालं.

"कोणी हात लावला याला?"

"बाजारामागचा तो."

"तो!" मिस्त्री म्हणाला. "त्याला स्टोव्हची पिन मारता येत नाही!" बोलून गेल्यावर त्याने घाईने पाना उचलला.

काम दुपारपर्यंत चाललं. त्याने चारही नोझल काढून आतल्या खोलीत बेंचवर लावले. साडू बाहेर स्टुलावर न बसता पहिल्यांदाच आतल्या दारात येऊन उभा राहिला. तीन नळ्यांत तेल सारख्याच उंचीला चढलं, चौथीत भराभर वर गेलं.

"हे बघा, हा चोर," मिस्त्री म्हणाला. "याच्या पोटातून तेल परत पळतंय."

"हे तुम्हाला नुसतं बघून कळतं?"

"बघून आणि ऐकून."

साडू त्या नळ्यांकडे बराच वेळ बघत होता. "मला आयुष्यात एवढं कशातलंच कळत नाही," तो म्हणाला. "फरशीवर आलेल्याला फरशी विकतो, झालं. सासूबाईंच्या घरी काही बिघडलं की सगळे म्हणतात, मोठ्या जावयांना बोलवा. मी गोळ्या आणून देतो." मिस्त्री त्याच्याकडे बघायला लागला तेव्हा त्याने मान दुसरीकडे वळवली. "मी काही तुम्हाला चुकीची फरशी नाही विकली त्यापायी," तो म्हणाला.

"नाही," मिस्त्री म्हणाला.

नोझल बसवून झाल्यावर इंजिन एका हाकेत सुरू झालं. साडूने गाडीत बसून काच खाली केली. निघाला नाही.

"रविवारी जातो आम्ही सकाळी. पुढे ही बसते," तो म्हणाला. "मागे जागा असते. ताईंना घेऊन या वाटलं तर."

रविवारी मिस्त्री बायकोला घेऊन गेला आणि मागच्या सीटवर बसला. गाडी हमरस्त्याला लागली. साडूने आरसा पाहिला, इशारा दिला, एका लांबलचक ट्रकला नव्वदच्या वेगाने मागे टाकलं आणि अलगद आपल्या जागी परत आला. एका हाताने. दुसरा हात खिडकीवर होता.

"किती छान चालवतात हो आता!" बायको पुढे वाकून म्हणाली.

तेच जुनं जळणं मिस्त्रीला लगेच ओळखू आलं. त्याने खिडकीबाहेर पाहिलं, मग साडूच्या मानेकडे.

"वळताना जरा आधी वेग कमी करा," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "पण चांगली चालवता."

"हं," साडू म्हणाला. आणि पुढच्या वळणावर त्याने वेग जरा आधी कमी केला.